पेटी हलते कधी? घर्षणाची गणितं पहिल्यांदा सोडवणाऱ्यांसाठी

अकरावीच्या पहिल्या चाचणीतलं एक गणित मला अजून पाठ आहे. सपाट जमिनीवर २० किलोची पेटी, घर्षण गुणांक ०.४, पेटी ५० न्यूटन बलाने आडवी ओढली, तर घर्षण बल किती? मी सूत्र टाकलं. २० गुणिले ९.८ गुणिले ०.४, उत्तर ७८.४ न्यूटन. खाली ऐटीत दोन रेघा मारल्या. पेपर परत आला तेव्हा त्यावर लाल फुली आणि शून्य. का चुकलं ते कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

कळलं ते पुढच्या आंब्याच्या हंगामात, आमच्या पडवीत. भरलेली पेटी एका हाताने ओढत होतो, ती जागची हलेना. तेव्हा डोक्यात आलं की माझं उत्तर खरं धरलं, तर मी पेटी ५० ने पुढे ओढतोय आणि जमीन तिला ७८ ने मागे खेचतेय. म्हणजे पेटी उलटी भिंतीकडे चालायला लागली पाहिजे! अशी पेटी दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुणी पाहिलेली नाही. पेटी जागेवर आहे, याचा अर्थ जमीनही नेमकी ५० नेच धरून बसली आहे. बरोबर उत्तर ५० होतं.

घर्षण शिकताना निम्मे लोक याच एका जागी पडतात. दहावी मराठीतून करून अकरावी सायन्सला गेलेल्यांची तर आणखी पंचाईत, कारण शब्दही नवे. त्यांच्यासाठी मी ज्या क्रमाने शिकलो, किंवा खरं तर ज्या क्रमाने शिकायला हवं होतं, तो क्रम खाली देतो.

जवळ काय काय ठेवायचं

- स्प्रिंगचा ताणकाटा, ५ किंवा १० किलोपर्यंतचा. बॅगा तोलायचे डिजिटल काटे बरेचदा आकडा स्थिर झाल्यावरच दाखवतात. आपल्याला सुटण्याच्या क्षणाचा आकडा हवा असतो, म्हणून ते इथे उपयोगाचे नाहीत.
- बसायचा लाकडी पाट. त्याला सुतळी बांधता येईल असा एक खिळा पुढच्या कडेला, जितका खाली जमेल तितका खाली.
- पाटावर ठेवायला वजनं. तांदळाच्या किलोकिलोच्या पिशव्या चालतील.
- एक लांब फळी आणि मोजपट्टी.
- मोबाइल, मंदगती चित्रणासाठी.
- वही. कोऱ्या पानांची, कारण आकृत्या खूप काढायच्या आहेत.

१. दोन शब्दांशी आधी ओळख करून घ्या

पहिला शब्द नॉर्मल. पृष्ठभाग वस्तूला स्वतःशी काटकोनात जितक्या जोराने ढकलतो, ते हे बल. मराठी पुस्तकांत त्याला अभिलंब बल किंवा लंब प्रतिक्रिया म्हणतात. पाटावर तांदूळ ठेवले की जमीन पाटाला वर ढकलते, म्हणून पाट जमिनीत जात नाही. सपाट जमिनीवर आणि आडव्या ओढीत नॉर्मल वजनाइतकाच येतो. पण हे त्या प्रसंगापुरतंच खरं, पाचव्या पायरीत ते मोडणार आहे.

दुसरा शब्द म्यू, म्हणजे घर्षण गुणांक. हा नुसता आकडा आहे, त्याला एकक नाही. तो एका वस्तूचा नसतो, जोडीचा असतो. ‘लाकडाचा म्यू किती’ हा प्रश्नच अपुरा. लाकूड कशावर, ते सांगावं लागतं. तोच पाट शेणाने सारवलेल्या अंगणात, कोब्यावर आणि चकचकीत टाइल्सवर वेगवेगळा वागतो, हे घरात कुणालाही ठाऊक असतं.

आणि म्यू दोन असतात. वस्तू थांबलेली असतानाचा स्थितिक, घसरत असतानाचा गतिक. गतिक बहुतेक वेळा थोडा कमी भरतो.

२. आधी आकृती, मग सूत्र

वस्तूचा एक चौकोन काढा. तिला जो जो हात लावतोय त्याचा एकेक बाण: दोर, जमीन. शिवाय हात न लावता खेचणारी पृथ्वी. झालं. ज्या बाणाला ‘हे बल कोण लावतंय?’ असं विचारल्यावर उत्तर मिळत नाही तो बाण खोडा. ‘गतीचं बल’ नावाचा एक बाण नवशिके हमखास काढतात. तो लावणारा कुणीच नसतो.

आकृती न काढता सोडवलेली माझी दहातली सात गणितं चुकायची. यापेक्षा जास्त या पायरीबद्दल सांगण्यासारखं नाही.

३. सगळ्यात आधी विचारा: हलते का?

इथे मात्र थांबा, घाई नको.

पाट कोब्यावर ठेवा. पाट आणि तांदूळ मिळून ५ किलो होऊ द्या. खिळ्याला सुतळी, सुतळीला ताणकाटा, आणि काटा जमिनीला समांतर धरून हळूहळू ओढा. काटा आडवा धरल्यावर शून्यावर आहे ना ते आधी बघा. उभा धरून शून्य केलेला काटा आडवा केला की थोडा सरकतो.

काटा अर्धा किलो दाखवतो. पाट हलत नाही. एक किलो. हलत नाही. दीड किलो. नाही. आमच्याकडे पाट दोन किलोच्या आसपास एकदम सुटला, आणि सुटल्यावर काटा दीडपर्यंत खाली येऊन तिथेच थरथरत राहिला. हा सुटण्याचा आकडा डोळ्याने पकडता येत नाही. मोबाइलवर मंदगतीने चित्रण करा आणि मग निवांत वाचा. पाच वेळा करा. पाचही आकडे सारखे येणार नाहीत, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पावसाळ्यात दमट हवेने पाट फुगलेला आणि कोबा ओलसर असतो, तेव्हा तर मेमधले आकडे जुळायचेच नाहीत.

आता नीट बघा काय झालं. अर्ध्या किलोच्या ओढीला जमिनीने अर्ध्याच किलोने उत्तर दिलं. एकाला एकाने, दीडला दीडने. स्थितिक घर्षण हे उत्तर देणारं बल आहे. जितकं मागाल तितकंच देतं, पण एका मर्यादेपर्यंत. म्यू गुणिले नॉर्मल ही ती मर्यादा, घर्षण नव्हे. आमच्या पाटाची मर्यादा २ किलो, वजन ५ किलो, म्हणजे स्थितिक म्यू २ ÷ ५ = ०.४. घसरताना दीड, म्हणून गतिक म्यू १.५ ÷ ५ = ०.३.

काटा किलोत आहे आणि बल तर न्यूटनमध्ये लिहायचं असतं, मग हे चालतं कसं? भागाकारात वरही किलो आणि खालीही किलो, ९.८ दोन्हीकडून उडून जातो. पण गणितात बल लिहिताना मात्र ९.८ ने गुणायला विसरू नका. पेटीचं वस्तुमान २० किलो, वजन १९६ न्यूटन.

म्हणून प्रत्येक गणितात क्रम असा:

- मर्यादा काढा: स्थितिक म्यू × नॉर्मल.
- ओढ मर्यादेपेक्षा कमी असेल तर वस्तू हलत नाही, आणि घर्षण = ओढ.
- ओढ मर्यादेपेक्षा जास्त असेल तर वस्तू सुटली, आणि आता घर्षण = गतिक म्यू × नॉर्मल.

गणितात एकच म्यू दिला असेल तर दोन्हीकडे तोच वापरायचा.

४. घर्षणाची दिशा: ‘गतीच्या उलट’ हे अर्धंच खरं

हे वाक्य पाठ करून मी पुढची चाचणीही घालवली.

पाखाडीवरून चालत वर जाताय असं समजा. जांभ्या दगडाच्या पायऱ्या, श्रावणातलं शेवाळ. पाय टाकला आणि सटकला, कुठल्या दिशेने? मागे. पाय मागे घसरू पाहतो, म्हणून दगडाचं घर्षण त्याला पुढे ढकलतं, आणि आपण पुढे जातो. शेवाळाने ते पुढचं ढकलणं काढून घेतलं की आपण तोंडावर. म्हणजे चालताना घर्षण गतीच्याच दिशेने आहे! खरा नियम असा की एक पृष्ठभाग दुसऱ्यावर ज्या दिशेने घसरतोय किंवा घसरू पाहतोय, घर्षण त्याच्या उलट असतं.

टेम्पोच्या हौद्यातली आंब्याची पेटी घ्या. टेम्पो सुटला, पेटी जागेवर राहू पाहते, म्हणजे हौद्याच्या मानाने मागे घसरू पाहते. घर्षण तिला पुढे नेतं. पेटीला पुढे नेणारं दुसरं कुणीच नाही, दोर बांधलेला नसेल तर. स्थितिक म्यू ०.४ असेल तर घर्षण जास्तीत जास्त ०.४ × ९.८, म्हणजे ३.९२ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढंच त्वरण पेटीला देऊ शकतं. ड्रायव्हरने त्याहून जोरात गाडी काढली की पेट्या मागच्या फाळक्यावर. पेटी रिकामी असो की भरलेली, आकडा तोच, कारण वस्तुमान दोन्हीकडून उडतं. मला हे खोटं वाटायचं, मग मी दोन पेट्या लिहून सोडवल्या.

दिशा कळत नसेल तर एक युक्ती करा. घटकाभर जमिनीला तेल फासलंय असं समजा. वस्तू कुणीकडे सटकेल? घर्षण त्याच्या उलट काढा.

५. नॉर्मल म्हणजे वजन, असं डोळे झाकून लिहू नका

लहानपणी पेटी पडवीतून खळ्यात न्यायची तर मी मागून वाकून, तिच्यावर रेलून ढकलायचो. आजोबा झोपाळ्यावरून ओरडायचे, “मेल्या, रेलतोस काय तिच्यावर! पुढे जा नि दोर वर धरून ओढ.” त्यांना साइन-कॉस माहीत नव्हते. हिशेब मात्र बिनचूक होता.

पेटी २० किलो, म्यू ०.४. तुम्ही जमिनीशी ३० अंशात खाली रेलून ढकलता तेव्हा तुमच्या जोराचा काही भाग पेटीला जमिनीत दाबतो, नॉर्मल वाढतो, त्याबरोबर घर्षणाची मर्यादाही वाढते. त्याच ३० अंशात दोर वर धरून ओढलं तर पेटी थोडी उचलली जाते आणि नॉर्मल कमी होतो. मांडणी अशी:

- ढकलताना: बल × कॉस ३० = ०.४ × (वजन + बल × साइन ३०). बल येतं साधारण १२ किलोभार (१ किलोभार म्हणजे ९.८ न्यूटन).
- ओढताना: बल × कॉस ३० = ०.४ × (वजन − बल × साइन ३०). बल येतं साधारण साडेसात किलोभार.
- अगदी आडवं ओढलं तर ८ किलोभार.

पेटी तीच, जमीन तीच, आणि १२ व साडेसात! पण दोर जितका उंच तितकं चांगलं, असंही नाही. फार उंच धरला तर पुढे नेणारा भागच कमी पडतो. सगळ्यात कमी जोर लागणारा कोन तो, ज्याचा टॅन म्यूएवढा आहे. ०.४ साठी तो सुमारे २२ अंश. वर पाटाला खिळा खाली मारा आणि काटा जमिनीला समांतर धरा म्हटलं ते याच कारणाने. सुतळी तिरकी झाली की नॉर्मल बदलतो आणि आपला म्यू बिघडतो.

६. उतारावर: कोनमापकाशिवाय म्यू

पोफळीची विरी, म्हणजे झावळीचा तो बुडाकडचा पसरट भाग, तिच्यावर एकाने बसायचं आणि दुसऱ्याने ओढायचं, हा खेळ कोकणात सगळ्यांनी खेळलाय. उतारावर ओढायला कुणी लागतही नाही. किती उतार झाल्यावर विरी आपोआप सुटते?

फळीवर पाट ठेवा आणि फळीचं एक टोक हळूहळू उचला. पाट सुटला त्या क्षणी थांबा. आता फळीच्या उंच टोकाची जमिनीपासूनची उंची मोजा, आणि त्या टोकाच्या बरोबर खालच्या बिंदूपासून फळीच्या टेकलेल्या टोकापर्यंतचं आडवं अंतर मोजा. उंची भागिले आडवं अंतर, हाच स्थितिक म्यू. ४० सेंमी उंची, १०० सेंमी अंतर, म्हणजे ०.४. तिरक्या फळीची लांबी घेऊ नका, ही चूक हमखास होते.

हे का जमतं? उतारावर वजनाचे दोन भाग पडतात. उताराच्या दिशेने वजन × साइन, उताराशी काटकोनात वजन × कॉस (साइन, कॉस, टॅन इथे उताराच्या कोनाचे). नॉर्मल आता वजन × कॉस एवढाच. सुटण्याच्या क्षणी वजन × साइन = म्यू × वजन × कॉस, म्हणून म्यू = टॅन. वजन उडालं. पाटावर दोन पिशव्या ठेवा की चार, पाट त्याच कोनाला सुटेल. करून बघाच, पिशव्या मात्र घसरू नयेत म्हणून सुतळीने बांधा.

गणितात उतार आला की इथेही पहिला प्रश्न तोच. टॅन मोठा की स्थितिक म्यू? टॅन लहान असेल तर वस्तू जागेवर आहे आणि घर्षण = वजन × साइन. पुढचं काही सोडवायचंच नाही. टॅन मोठा असेल तर त्वरण = ९.८ × (साइन − गतिक म्यू × कॉस). ३० अंश आणि गतिक म्यू ०.३ साठी हे येतं साधारण २.३५ मीटर प्रति सेकंद वर्ग.

७. एकदा सुटल्यावर

गतिक घर्षण वेगावर फारसं अवलंबून नसतं, निदान आपल्या गणितांत तरी. त्यामुळे ब्रेक लावून चाकं जाम झाली तर गाडी किती अंतर घसरेल, ते सरळ निघतं: वेगाचा वर्ग ÷ (२ × म्यू × ९.८). ताशी ३६ किमी म्हणजे सेकंदाला १० मीटर. कोरड्या रस्त्यावर म्यू ०.७ धरला तर ७.३ मीटर. ओल्यावर तो निम्मा, ०.३५ झाला तर १४.६. आणि वेग दुप्पट केलात तर अंतर चौपट. आंबा घाटात किंवा कुंभार्लीत पहिल्या पावसाच्या दिवशी गाड्या घसरतात, कारण रस्त्यावर साचलेलं तेल, टायरचा चुरा आणि धूळ त्या थोड्याशा पाण्यात मिसळून त्याचा बुळबुळीत थर होतो. नंतरच्या मुसळधार सरींत तो बराचसा धुऊन जातो.

चाक फिरत असेल तर टायरचा रस्त्याला टेकलेला भाग त्या क्षणी घसरत नसतो, म्हणजे तिथे स्थितिक घर्षण असतं. चाक जाम झालं की गतिक. एबीएस ही गाडीतली यंत्रणा ब्रेक सोडते-धरते ती चाक जाम होऊ नये म्हणून.

हमखास पडायचे खड्डे

*‘पेटी उभी ठेवली तर घर्षण कमी होईल.’* नाही होत. टेकणारं क्षेत्रफळ कमी केलं तरी घर्षण तेवढंच राहतं. पाट आडवा आणि मग कडेवर उभा करून ओढा, काटा जवळपास तोच आकडा दाखवेल. लिओनार्दो दा विंचीने हे आपल्या वह्यांत टिपून ठेवलं होतं, पण छापलं नव्हतं. १६९९ मध्ये फ्रान्सच्या आमोंताँने ते नव्याने मांडलं, आणि १७८५ मध्ये कूलोमने भरपूर मोजमापांनिशी पक्कं केलं. डोळ्यांना गुळगुळीत दिसणारे पृष्ठभाग बारकाईने पाहिले तर डोंगर-दऱ्यांसारखे असतात आणि फक्त शिखरं एकमेकांना टेकतात. क्षेत्रफळ वाढलं तर प्रत्येक शिखरावर येणारा भार कमी होतो. खरी टेकलेली जागा एकूण दाबणाऱ्या बलावरच ठरते.

*‘जितकं गुळगुळीत तितकं घर्षण कमी.’* एका हद्दीपर्यंत. स्वच्छ घासलेल्या दोन काचा एकमेकींवर ठेवून सरकवून बघा, चांगल्याच अडतात.

*‘हे नियम सगळीकडे लागू.’* वाळूत नाही. पावसाळ्याआधी होडी वर काढताना बघितलं असेल, कोरड्या भुसभुशीत वाळूत ओढली तर तिच्या पुढ्यात वाळूचा ढीग साचतो आणि माणसं घामाघूम होतात. म्हणून खाली ओंडके घालतात, घसरण्याऐवजी गडगडणं. भरतीच्या रेषेजवळच्या घट्ट ओलसर वाळूत काम हलकं होतं. इजिप्तमधल्या सुमारे ३,९०० वर्षांपूर्वीच्या एका थडग्यातल्या चित्रात प्रचंड पुतळा घसरगाडीवरून ओढताना पुढे उभा राहून एक माणूस वाळूवर पाणी ओततोय. २०१४ मध्ये ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी प्रयोग करून दाखवलं की योग्य तितक्या ओलाव्याने ओढायचं बल जवळपास निम्म्यावर येतं. जास्त पाणी झालं की फायदा जातो. मुरुड-कर्द्याच्या किनाऱ्यावर गाडी घालणाऱ्या पाहुण्यांना हे आधी कुणी सांगत नाही, मग गाडी काढायला गावातली माणसं लागतात.

सोडवून बघा

उत्तरं झाकून ठेवा. स्थितिक म्यू ०.४, गतिक ०.३.

अ) ५ किलोचा पाट, आडवी ओढ १५ न्यूटन. घर्षण किती?

आ) तोच पाट, ओढ २५ न्यूटन. घर्षण आणि त्वरण?

इ) १ किलोचं पुस्तक तळहाताने भिंतीशी आडवं दाबून धरलंय, ४० न्यूटनने. तळहाताला तेल लागलंय, म्हणजे त्याचं घर्षण धरायचं नाही. भिंतीचं घर्षण किती, कुठल्या दिशेने? आणि दाब २० न्यूटन केला तर?

उत्तरं. अ: मर्यादा १९.६, ओढ कमी, म्हणून घर्षण १५ न्यूटन. आ: सुटला, घर्षण १४.७ न्यूटन, त्वरण २.०६ मीटर प्रति सेकंद वर्ग. इ: इथे नॉर्मल म्हणजे तळहाताचा दाब, वजन नव्हे. मर्यादा १६ न्यूटन, वजन ९.८, म्हणून घर्षण ९.८ न्यूटन, वरच्या दिशेने. दाब २० केला तर मर्यादा फक्त ८, पुस्तक खाली. किमान २४.५ न्यूटनने दाबावं लागेल. माडावर चढणारा गडी दमला की पाय बुंध्याला आणखी घट्ट आवळतो, तेव्हा तो हीच मर्यादा वाढवत असतो. त्याच्या वजनाला पुरून उरेल इतकी.